गाडी चकाचक, गल्ला रिकामा: डिटेलिंगचे पैसे वेगळे मागा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी टेबलावर एक स्लॉट कार उघडून ठेवली होती आणि तिचं चेसिस कसं जुळवायचं ते दाखवलं. त्यात एक गोष्ट सांगायची राहिली. खरं सांगू? राहिली नाही, मी टाळली. कॅमेऱ्यासमोर लाज वाटत होती. लिहिताना जरा बरं पडतं, म्हणून आज इथे.

मागच्या पावसाळ्यात मी चार स्लॉट कारचे किट जोडून, रंगवून, डिटेलिंग करून एका कस्टमरला दिले. कस्टमर खूश. फोटो बघणारे खूश. मी तर सगळ्यात जास्त खूश. आणि महिन्याच्या शेवटी हिशोब केला तेव्हा कळलं की आम्ही ताशी ३८ रुपयांनी काम केलं होतं. "आम्ही" म्हणते, कारण त्यातले बारा तास माझे नव्हतेच. ते एका काकांचे होते. त्यांना मी काय दिलं होतं? पेढ्यांचा एक बॉक्स.

मी बीबीए केलंय. कॉस्ट अकाउंटिंगचा पेपर दिलाय, पास पण झालेय. आणि तुम्हाला दर आठवड्याला कॉस्टिंग शिकवते. तरी हे झालं. म्हणून आजचं मत सरळ सांगते: किटच्या कामात फिनिशिंग ही मजुरी आहे. तिचे पैसे वेगळे लिहा, वेगळे मागा. मागायची हिंमत नसेल तर ते काम करू नका. आणि ज्याचा हात लागलाय त्याचे तास आधी लिहा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्लॉट कार म्हणजे काय

रिमोटची गाडी वेगळी, ही वेगळी. स्लॉट कारच्या ट्रॅकला मधोमध एक खाच असते. गाडीच्या पोटाखाली पुढच्या बाजूला एक पातं असतं, ते त्या खाचेत बसतं. त्याला गाईड म्हणतात. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात, त्यातून साधारण १२ ते १५ व्होल्ट डीसी करंट येतो. गाईडला लावलेल्या तांब्याच्या बारीक वेण्या पट्टीला घासत जातात, मोटरला करंट मिळतो, गाडी पळते. तुमच्या हातात फक्त ट्रिगर. जास्त दाबला तर वळणावर गाडी बाहेर उडते, कमी दाबला तर मागे पडते.

ब्रिटनमध्ये फ्रेड फ्रान्सिस नावाचा माणूस आधी पत्र्याच्या खेळण्यातल्या गाड्या विकायचा, नाव होतं स्केलेक्स. १९५७ मध्ये त्याने त्याच गाड्यांना विजेवर चालवलं आणि नाव झालं स्केलेक्स्ट्रिक. पुढे हा ब्रँड हॉर्नबीकडे आला, तेच ते मॉडेल रेल्वेवाले. घरगुती ट्रॅकवर जास्त चालणारं माप म्हणजे १:३२. खरी गाडी साडेचार मीटरची असेल तर ही साधारण चौदा सेंटीमीटरची.

तयार गाडी मिळतेच, पण हौशी लोक किट घेतात. इटलीच्या स्लॉट डॉट इट, एनएसआर अशा कंपन्यांच्या किटमध्ये बॉडी पांढरी, बिनरंगाची येते. चेसिस, मोटर, गियर, एक्सल, टायर सुटे. म्हणजे बॉक्समध्ये गाडी नसते, गाडी होऊ शकेल असं सामान असतं. ती गाडी करायला माणूस लागतो. आपला धंदा तिथे सुरू होतो.

मोहन्यात हे काम आलं कसं

माझं दुकान मोहन्यात. बाबांचं स्टेशनरीचं दुकान होतं, मी त्यात प्रोजेक्टचं सामान, मॉडेल, खेळण्यांची दुरुस्ती वाढवली. शाळेची पोरं मोटर लावलेला पंखा घेऊन येतात, कुणाची रिमोट कार बंद पडलेली असते, ते सगळं आमच्या टेबलावर येतं.

हे चार किटवाले गृहस्थ ठाण्याचे. नातेवाइकांनी बाहेरून आणून दिलेले किट, घरी एक ओव्हल ट्रॅक, आणि जोडायला वेळ नाही. माझी एक दुरुस्तीची क्लिप बघून फोन आला. "रंग मारून, चालती करून द्या. किती घ्याल?"

मी दोन सेकंदात म्हटलं, "एका गाडीचे आठशे." चार गाड्या, ३,२०० रुपये. समोरच्याने लगेच "ओके" म्हटलं. इतक्या लगेच की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

काका आणि चेसिस

आमच्याकडे नुसतं "कंपनी" म्हटलं की एनआरसी. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन. रेयॉनचा धागा बनायचा, टायरमध्ये घालायची कॉर्ड बनायची. अख्खं मोहने-आंबिवली त्या भोंग्यावर चालायचं. २००९ मध्ये कंपनी बंद पडली. माणसं पांगली, पण हात काही पांगत नाहीत. आजही आमच्या गल्लीत असे लोक आहेत की त्यांनी पंप नुसता ऐकून सांगावं, बेअरिंग गेलंय.

हे काका तिथे मेंटेनन्सला फिटर होते. संध्याकाळी दुकानात चहाला यायचे. चार चेसिस टेबलावर बघितले आणि खुर्ची ओढून बसले.

त्यांनी काय केलं ते नीट सांगते, कारण व्हिडिओत मी हे सगळं स्वतःचं असल्यासारखं दाखवलंय.

आधी त्यांनी माझ्या काउंटरची सुटी काच मागितली. चेसिस काचेवर ठेवलं आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं. टक्. डुगडुगत होतं. "हे वाकडं आहे. यावर कितीही महागडा टायर लाव, गाडी सरळ जाणार नाही." मग ते चेसिस स्टीलच्या पट्टीला दोऱ्याने बांधलं, पातेल्यात गरम पाण्यात ठेवलं, बांधलेलं तसंच थंड होऊ दिलं. परत काचेवर. आवाज नाही.

मग बुश. एक्सल ज्यात फिरतो ते बुश चेसिसमध्ये सैल असतील तर चाक थरथरतं. एक्सल सरळ आहे का ते काचेवर लोळवून बघितलं, बुशला बाहेरून सुईच्या टोकाएवढं ग्लू लावलं. आत गेलं तर एक्सल जाम, म्हणून सुई.

मग गियर. मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गियर आणि एक्सलवरचा मोठा गियर फार घट्ट बसवले तर मोटर तापते, सैल ठेवले तर दात खातात. काकांनी वहीच्या कागदाची बारीक पट्टी दोघांच्या मध्ये घातली, मोठा गियर दाबून ॲलन कीने आवळला आणि पट्टी ओढून काढली. कागदाच्या जाडीएवढी जागा राहिली. एक थेंब शिलाई मशीनचं तेल. मोटरचा किरकिर आवाज होता तो गुं असा एकसारखा झाला.

टायर शेवटी. किटमधले रबरी टायर रिमवर कधीच पूर्ण गोल बसत नाहीत. ते रिमला चिकटवायचे, मग सपाट फळीवर पाण्याचा पॉलिश पेपर लावायचा, मोटरला कमी व्होल्टेज द्यायचं आणि मागची चाकं पेपरवर हलकी टेकवायची. टायर स्वतःच घासून गोल होतो. जोर द्यायचा नाही, जोर दिला की रबर तापून फाटतं.

एका चेसिसला तीन तास. चार चेसिसचे बारा. सहा संध्याकाळी काका आले, आणि मी मनात म्हणत होते, काकांचा वेळ छान जातोय.

हे वाक्य लक्षात ठेवा. "त्यांचा वेळ छान जातोय." फुकट काम करून घेणारा माणूस स्वतःला हेच सांगतो.

बॉडी आणि जुलै महिना

बॉडी माझ्याकडे. भांड्याच्या साबणाने धुवायची, कारण साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. जोडाच्या रेषा घासायच्या. प्रायमर. मग रंगाचे दोन-तीन पातळ हात, एकच जाड हात नाही. डिकल कोमट पाण्यात भिजवून सरकवायचे, त्याआधी खाली ग्लॉस हवा, नाहीतर कडेने चंदेरी हवा अडकून दिसते. वरून क्लिअर.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला चढलं! दरवाज्याच्या रेषांत पातळ काळा रंग सोडून इअरबडने पुसला. ब्रेकच्या चकत्या चंदेरी केल्या. ड्रायव्हरच्या हेल्मेटवर तीन रंगांचे पट्टे. ड्रायव्हरचे हातमोजे. चाकांच्या वरच्या कमानीत धुळीचा शेड. कस्टमरने यातलं काहीही मागितलेलं नव्हतं.

आणि जुलैत काय होतं? हवेत इतकी ओल असते की स्प्रेचा रंग सुकताना वर पांढरट धूर बसल्यासारखा होतो. तिसऱ्या गाडीचं तेच झालं. थिनर लावला असता तर प्लास्टिक विरघळलं असतं, म्हणून पाण्याच्या पेपरने घासून पुन्हा पहिल्यापासून. चार तास आणि दोनशे रुपयांचं मटेरियल गेलं. कोकणपट्टीत राहून पावसाळ्यात स्प्रेचं काम घेताना तारीख सात दिवसांची देणारी मी शहाणी!

हिशोब

आता वही उघडूया.

मिळाले: ३,२०० रुपये.

मटेरियल: १,४८० आणि बिघडलेल्या गाडीचे २००, एकूण १,६८०.

उरले: १,५२०.

तास: चेसिसचे १२ (काका). बॉडीचे प्रत्येकी ५, म्हणजे २०. फोनवर बोलणं, फोटो, पॅकिंग, ठाण्याला नेऊन देणं, गाडीमागे १ धरला तर ४. पुन्हा रंगवायचे ४. एकूण ४० तास.

१,५२० भागिले ४०. ताशी ३८ रुपये.

यात दुकानाचं भाडं नाही, लाइट बिल नाही.

काका दुकानात आले तेव्हा मी त्यांना मोबाईलवर फोटो दाखवत होते. "काका, भारी झालं ना?"

"झालं की. किती मिळाले?"

"बत्तीसशे."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कंपनीत ओव्हरटाइम केला की निदान स्लिप मिळायची गं."

रागाने नाही म्हणाले. चहा प्यायले, गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. पुढचे आठ दिवस आले नाहीत. मग कळलं की कल्याणला एका सोसायटीत वॉचमनची रात्रपाळी धरलीय. तिथे बारा तासांचे पैसे ठरलेले आहेत. गियरमध्ये कागदाच्या जाडीएवढी जागा ठेवणारा माणूस गेटवर गाड्यांचे नंबर लिहितोय, कारण तिथे निदान तास मोजले जातात. माझ्या टेबलावर मोजले जात नव्हते.

मी १२ तासांचे, ताशी १५० प्रमाणे, १,८०० रुपये पाकिटात घालून त्यांच्या घरी गेले. काकूंनी पाणी दिलं. काकांनी पाकीट उघडून बघितलं आणि विचारलं, "चिठ्ठी नाही आत?" मी तिथेच पाकिटावर लिहिलं: चार चेसिस, १२ तास, दर १५०, एकूण १,८००. खाली सही. मग त्यांनी ते कपाटात ठेवलं.

म्हणजे त्या ऑर्डरवर मी खिशातून २८० रुपये घातले आणि माझे २८ तास वेगळेच. पण माझ्या बीबीएच्या तीन वर्षांपेक्षा ती चिठ्ठी मला जास्त शिकवून गेली. पैसे उशिरा मिळाले तर माणूस समजून घेतो. आपलं काम कुणी काम म्हणून लिहिलंच नाही, हे मात्र लागतं.

पहिला प्रश्न: शो-केस की ट्रॅक?

माझी खरी चूक रेट सांगण्याच्याही आधीची होती. मी विचारलंच नाही की गाडी कुठे राहणार आहे.

कपाटात ठेवायची गाडी आणि ट्रॅकवर पळवायची गाडी ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती एकमेकांच्या विरोधात जातात. ट्रॅकच्या गाडीला वजन खाली हवं. तुम्ही वर रंगाचे थर चढवले, रेझिनचा जड ड्रायव्हर बसवला, की वजन वर जातं आणि गाडी वळणावर कलंडते. बारीक आरसे, अँटेना पहिल्याच आपटण्यात तुटतात. बॉडीचे स्क्रू शो-केसच्या गाडीला गच्च आवळले तरी चालतं, पण ट्रॅकच्या गाडीला ते पूर्ण आवळून अर्धा आटा सैल सोडावे लागतात, म्हणजे बॉडी थोडी हलते आणि चेसिस ट्रॅकला धरून राहतं. हेल्मेटवरचे माझे तीन पट्टे? गाडी समोरून अर्ध्या सेकंदात जाते. ते पट्टे मी माझ्यासाठी काढले होते. त्याचे पैसे कस्टमरने का द्यावेत? आणि मी तरी ते धंद्याच्या वेळेत का काढावेत?

पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे. शाळेच्या सहलीत तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. भाऊ जोशींनी हौसेतून उभं केलं, १९९८ पासून लोक तिकीट काढून बघतात. छोटी घरं, सिग्नल, दिवे, उड्डाणपूल, सगळं आहे. पण मला सांगा, गाड्या बंद असत्या तर तुम्ही तिकीट काढलं असतं का? लोक पैसे देतात ते गाड्या धावतात म्हणून. सजावट त्या धावण्याला शोभा देते, त्याची जागा घेत नाही. आधी धावलं पाहिजे, मग सजलं पाहिजे. धावणं विकायचं की सजणं, हे कस्टमरने ठरवायचं. आपण दोन्हीचे दर वेगळे सांगायचे.

विकायचं काय: बॉक्स की हात?

या चार गाड्यांचे फोटो टाकल्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "ताई, किट मागवून विकू का?" माझं मत, छोट्या दुकानदाराने यात पडू नये. खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क बंधनकारक आहे. बाहेरून माल आणायचा तर तुमचा माल कोणत्या सदरात बसतो, ड्युटी किती, मार्क लागतो का, हे सगळं एजंटकडून लेखी घेतल्याशिवाय एक रुपया लावू नका. आणि माल पडून राहिला तर भांडवल अडकलं.

दुसरा प्रश्न असतो, "ट्रॅक टाकून तासाने भाड्याने देऊ का?" १९६० च्या दशकात अमेरिकेत हेच झालं. गावोगावी स्लॉट कारचे मोठे ट्रॅक उघडले, पोरांची गर्दी उसळली, आणि दशक संपता संपता बहुतेक बंद झाले. लाट बघून जागा भाड्याने घेऊ नका.

त्यापेक्षा किट कस्टमरचा, काम आपलं. माल अडकत नाही, ड्युटीची भानगड नाही. लागतो तो हात, आणि हात तर आपल्याकडे आहेत. मोहन्यात आहेत, आंबिवलीत आहेत, शहाडला आहेत, बंद कंपनी असलेल्या प्रत्येक गावात आहेत. पण मग विकायची वस्तूच हात आहे, तर तिची किंमत शून्य धरून कसं चालेल?

माझं आताचं रेट कार्ड

दुकानाचा महिन्याचा खर्च २४,००० धरते. कामाचं टेबल त्यातला पाव हिस्सा खातं, म्हणजे ६,०००. टेबलावर महिन्याला बिल करता येतील असे १२० तास. ६,००० भागिले १२०, ताशी ५० रुपये. काम करणाऱ्याची मजुरी ताशी १५०. टेबलाचा दर झाला २०० रुपये तास. यावर १० टक्के बिघाडासाठी, कारण बिघाड होणारच.

• चेसिस जुळवणी, ३ तास: ६५० रुपये

• साधा रंग आणि डिकल, ३ तास आणि ३५० चं मटेरियल: १,०५० रुपये

• डिटेलिंग, २ तास: ४५० रुपये, पुढे प्रत्येक तासाचे वेगळे

• पूर्ण गाडी: २,१५० रुपये

आणि खाली ठळक एक ओळ: जून ते सप्टेंबर स्प्रेच्या कामाला किमान तीन आठवडे.

हे कार्ड लावल्यावर काय झालं? पहिल्या पाच चौकश्यांपैकी दोन जण "महाग आहे" म्हणून गेले. हे लपवत नाही. दोघांनी फक्त चेसिस करून घेतलं, रंग ते घरी मुलांबरोबर मारणार होते. आणि पाचवे कोण? तेच ठाण्याचे गृहस्थ, पाचवी गाडी घेऊन.

मी घाबरत घाबरत कार्ड पुढे केलं. आठशेवरून एकवीसशे पन्नास! त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "डिटेलिंग नको हो. रंग साधाच ठेवा. पण चालायला त्या पहिल्या चार गाड्यांसारखीच पाहिजे. तुमच्याकडचे चेसिसवाले काकाच करतील ना?"

१,७०० रुपयांना काम ठरलं. म्हणजे ज्या कामासाठी मी रात्री जागले ते त्यांना नकोच होतं, आणि ज्याचे मी पेढे दिले त्यासाठी ते परत आले होते.

तुम्ही म्हणाल...

"ताई, मोहन्यात एवढे पैसे कोण देणार?" मोहन्यातलाच कस्टमर हवा असं कुणी सांगितलं? स्टेशनवरून पार्सल घेऊन येणारा माणूस कामाला येतो, पत्त्याला नाही. आणि दर परवडला नाही तर त्याला कमी काम द्या, कमी दर देऊ नका.

"सुरुवातीला ओळख व्हावी म्हणून फुकट केलं तर?" करा. पण बिल पूर्ण बनवा, त्यावर सूट लिहा. २,१५० लिहून खाली "ओळखीची सूट" लिहा. कस्टमरला खरा दर कळला पाहिजे आणि तुम्हाला खरा तोटा. आणि एक लक्षात ठेवा: सूट तुमच्या मजुरीतून द्यायची, दुसऱ्याच्या नाही.

"पण आनंद मिळतो ना या कामात?" मिळतो! मला आजही हेल्मेटवर पट्टे काढायला आवडतात. आता ते मी रविवारी काढते, माझ्या स्वतःच्या गाडीवर, आणि त्या तासांना हौस म्हणते. हौस वाईट नाही. धंद्याच्या वहीत ती मजुरीच्या रकान्यात शिरली की घोटाळा. आणि दुसऱ्याच्या घामाला आपण त्याची हौस म्हणायला लागलो की तो घोटाळाही राहत नाही, अन्याय होतो.

काका आता आठवड्यातून दोन संध्याकाळी येतात. रात्रपाळी सोडलेली नाही, माझ्याकडे अजून तेवढं काम नाही, खोटं कशाला सांगू? पण टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक पावतीपुस्तक आहे. काम संपलं की ते स्वतः तास सांगतात, मी लिहिते, एक प्रत त्यांची. चहा असतोच. चहाची पावती नसते.

या आठवड्याचं होमवर्क

तुमच्या शेवटच्या तीन ऑर्डर घ्या. केक असो, ब्लाउज असो, मोबाईल रिपेअर असो. प्रत्येकीपुढे चार आकडे लिहा: किती मिळाले, मटेरियल किती, तुमचे तास किती, आणि घरातल्या किंवा ओळखीच्या दुसऱ्या कुणाचे तास किती. फॉल-बिडिंग करणारी आई, डिलिव्हरीला जाणारा भाऊ, फोटो काढणारी मैत्रीण, सगळे धरा. मग भागाकार करा.

चौथा आकडा लिहिताना हात अडखळला, तर आधी त्या माणसाकडे जा. आणि जाताना पाकिटाबरोबर चिठ्ठी न्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. त्यात डिकल लावायचं सगळं नीट दाखवते, आणि या वेळी चेसिसचं काम कुणाचं आहे ते पहिल्याच मिनिटाला सांगते.